भांड्यांवरची नावं

पंचगंगा एकोणचाळीस फुटांच्या खाली गेली
त्या दिवशी मला बोलावणं आलं,
भांडी ओळखायला.

बोर्डिंगच्या आवारात चिखल अजून ओला,
ताडपत्रीवर ढीग:
डेगी, तपेली, पराती, झारे, ओगराळी,
एकात एक रुतून बसलेली ताटं.
आठ दिवस कुठलं भांडं कुठल्या चुलीवर चढलं,
कुठल्या टेम्पोतून कुठं गेलं,
कुणालाच सांगता येईना.

मला येणार होतं.
तीस वर्षं गुजरीमागच्या बोळात बसून
ही नावं मीच घातलीत,
छिन्नीनं, टिंबाला टिंब लावत,
पुढं मशीन आलं तेव्हा मशीननं.
माझी वेलांटी डावीकडं कलते.
अंधारात बोट फिरवलं तरी सापडते मला.

हे तपेलं बस्तीचं.
'कै. चंपाबाई नेमगोंडा मगदूम यांच्या स्मरणार्थ.'
यात कधी कांदा पडला नव्हता.
यंदा पडला.

बस्तीची चूल दिवस मावळायला विझते,
आणि चिखलीची बोट आली रात्री नऊला,
माणसं एकेचाळीस, शिवाय एक शेळी.
दस्तगीर शिकलगारच्या डेगी तिकडं शिरोळात अडकलेल्या.
त्यानं दारात उभं राहून फक्त एवढंच विचारलं,
"आण्णा, भांडं मिळंल का?"
भूपालआण्णांनी कोठीची किल्ली दिली.
रात्री ते स्वतः पाण्याचा थेंब घेत नाहीत,
पण भात शिजेपर्यंत पायरीवर बसून
चुलीवर बॅटरी धरली त्यांनी.

आता तपेल्याच्या कडेला नाक नेऊन म्हणाले,
"चिंचेनं दोनदा घासा."
मग जरा वेळानं,
"नाहीतर एकदाच."

ही डेग जमातीची, हिजरी सन मीच कोरलेलं,
आठाचा आकडा चुकला होता, नंतर दुरुस्त केला.
मठातून परत आली तेव्हा तळाला
हुग्गीतला गहू चिकटलेला.
ही किटली चर्चच्या महिला मंडळाची.
सुवर्णा सिस्टरनं तिच्यातून मीठ-साखरेचं पाणी पाजलं,
चमच्या-चमच्यानं, अख्खी रात्र,
आणि सकाळी तिलाच चक्कर आली.

सगळं असंच झालं असं नाही.
आंबेवाडीच्या एका म्हातारीनं विचारलं, "कुणाच्या हातचं हाय?"
आणि दोन दिवस भिंतीकडं तोंड करून निजली.
तिसऱ्या दिवशी रांगेत आली, ताट पुढं केलं,
तोंड मात्र वळवलं नाही.
एका मंडळानं डेगीच्या पुढं बॅनर बांधला,
फोटो नीट आला नाही म्हणून
जेवलेल्यांना परत रांगेत उभं केलं.
भात गार झाला.
माझं काम कोरायचं. हेही कोरतो.

संध्याकाळपर्यंत ढीग संपला.
उरली एक परात.
पितळी, काठाला पोचा,
वेलांटी माझीच:
'चि. मालन हिस, मामाकडून, १९९४.'
ना बस्तीची, ना मठाची, ना जमातीची.
कुणीतरी पाण्यातून डोक्यावर आणलेली,
आणि स्वयंपाकाला कमी पडतंय बघून
न सांगता आत सरकवलेली.
तिच्यात रोज दोन पोती पीठ मळलं गेलं.

वहीत तीन मालन निघाल्या.
मालन कांबळे, मालन मुल्लाणी, मालन चौगुले.
मामाचं नाव घालायला मी तेव्हा विचारलं नव्हतं,
अक्षराला पैसे पडायचे.

पहिलीचा फोन बंद.
दुसरी म्हणाली, "माझी न्हाई, माझी गेली वाहून,
पण सापडली तर सांगा."
तिसरी बराच वेळ गप्प.
मागं कुणीतरी झाडूनं चिखल लोटत होतं,
तो आवाज तेवढा येत राहिला.
मग म्हणाली,
"असू द्या की तिथंच.
परत लागंल."